पाणी फिरेल, पण उष्णता जाईल कुठे?

प्रश्न : मी २६ वर्षांचा, नागपुरात आई-बाबांसोबत राहतो. मागच्या वर्षी स्वतःच्या कमाईतून गेमिंग पीसी बांधला. रायझेन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरवर हवेचा मोठा कूलर. खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मे महिन्यात गेम खेळताना प्रोसेसर ८५ अंशांवर जातो, कार्ड ७८ वर, आणि पंखे असे ओरडतात की आई खालून विचारते, "मिक्सर लावलाय का रे?" आता कस्टम वॉटर कूलिंग लूप, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून पीसी थंड ठेवायची व्यवस्था, स्वतः करायचं मनात आहे. हार्ड ट्यूब, लाल रंगाचं अपारदर्शक कूलंट (नळ्यांतून फिरणारा द्रव), दोन रेडिएटर. सोबत जोडलेली यादी ६२ हजारांवर गेली, म्हणून त्यातला एक रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, स्वस्तातला घ्यावा म्हणतो. मित्र म्हणतो प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामध्ये रेडिएटर घातलाच पाहिजे, नाहीतर गरम पाणी कार्डात जातं. कार्डाची वॉरंटी अजून दीड वर्ष आहे. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेत, त्यांचं एकच म्हणणं : "पाणी आणि करंट एका डब्यात? डोकं फिरलंय का?" करू की नको? आणि केलं तर सुरुवात कुठून?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की गेम अडकतो, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात, पीसी मध्येच बंद पडतो, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तक्रार आहे ती आकड्यांची आणि आवाजाची. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि पाण्याने त्यातली एकच नीट सुटते.

आधी आकडे. ७८००एक्स३डीची कमाल मर्यादा ८९ अंश ठेवलेली आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. या प्रोसेसरमध्ये जादा कॅशची (झटपट मेमरीची) चकती कोअर्सच्या, म्हणजे हिशोब करणाऱ्या भागांच्या, डोक्यावर बसवलेली आहे, त्यामुळे खालची उष्णता वर यायलाच वेळ लागतो. अंगावर रजई घेऊन एसी लावल्यासारखा प्रकार. गेम खेळताना हा प्रोसेसर जेमतेम ६० ते ८० वॅट खातो, तरी आकडा मोठा दिसतो, तो या रजईमुळे. वर कितीही भारी वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारी, आतून पाणी वाहणारी धातूची डबी) बसवा, रजई तिथेच राहणार. चार-सहा अंश उतरतील, आणि त्याने गेममध्ये काही फरक पडलेला तुम्हाला दिसणार नाही. याच कारणाने नुसत्या प्रोसेसरसाठी तयार मिळणारा बंद वॉटर कूलर घेण्यातही तुमच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. ऊब करणारा गडी कार्ड आहे. त्याची मर्यादा ३२० वॅटची, म्हणजे उष्णतेचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा त्याचा.

आता ज्या गोष्टीवर तुमचा बेत उभा आहे, तिच्याकडे येतो. पाण्याने पीसी 'थंड' होतो असं आपण बोलतो खरं, पण पाणी फक्त हमाली करतं. इथली उष्णता उचलून तिथे, रेडिएटरवर नेऊन टाकतं, आणि रेडिएटर ती तुमच्याच खोलीत सोडतो. तुमचा पीसी जोरात चालत असताना भिंतीतून साधारण ४५० ते ५०० वॅट ओढत असेल. लूप केल्यावरही तेवढेच ओढेल आणि तेवढीच ऊब त्याच खोलीत राहील. स्लॅबखालच्या खोलीत, मे अखेरच्या नवतप्यात, एक छोटी शेगडी पेटलेली आहे असंच समजा.

नागपूरकरांना हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे 'कूलर' म्हटलं की खिडकीतला, गवताच्या ताट्यांचा तो पत्र्याचा डबा डोळ्यांसमोर येतो. तो पाणी हवेत उडवतो, आणि उडता उडता पाणी हवेतली उष्णता पिऊन टाकतं. म्हणून बाहेर ४४ अंश असताना त्याच्यासमोर ३० च्या आसपासची हवा मिळू शकते. माठाचंही तेच. पीसीतल्या लूपमध्ये पाणी बंद नळ्यांत असतं, उडत नाही. त्यामुळे ते खोलीच्या हवेपेक्षा कधीच थंड होऊ शकत नाही, नेहमी थोडं गरमच राहतं. खोली ३६ असेल तर चांगल्या लूपमधलं पाणी ४६-४७ वर जाऊन स्थिरावेल. या नियमाचा एक फायदाही आहे. पावसाळ्यात नळ्यांवर दव धरून सगळं भिजेल अशी भीती बरेच वाचक कळवतात, ती सोडून द्या. हवेपेक्षा गरम वस्तूवर दव धरत नाही.

म्हणून पहिली खरेदी शंभर-दीडशे रुपयांच्या खोलीच्या थर्मामीटरची. तो पीसीच्या हवा ओढणाऱ्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. मग गेम लावून अर्धा तास खेळा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा : खोली, प्रोसेसर, कार्ड. त्यानंतर कॅबिनेटची बाजूची काच काढून पुन्हा अर्धा तास. कार्ड सहा-आठ अंशांनी खाली आलं, तर दुखणं कॅबिनेटच्या श्वासात आहे. खिडकीतला कूलर चालवताना दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते, म्हणजे धूळ फुकट. पुढची जाळी काढून नळाखाली धरा, काय निघतं ते पाहा.

नंतर कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम अगदी थोड्या कमी होतात, खेळताना त्या कमी झाल्याचं कळतही नाही, आणि ६० वॅटच्या आसपास उष्णता मुळातच तयार होत नाही. प्रोसेसरला बायोसमधल्या (पीसीच्या मूळ सेटिंगमधल्या) कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे व्होल्टेज कमी करायच्या सोयीत, उणे १५ किंवा २० देऊन बघा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेम १४१ वर बांधून टाका. जी फ्रेम दिसणारच नाही तिच्यासाठी शेगडी कशाला पेटवायची? यातलं प्रत्येक काम फुकट आहे आणि एका रविवारात उरकतं. लूपपेक्षा यानेच खोली जास्त थंड राहील, कारण यात उष्णता जन्मालाच येत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी बाबांच्या पक्षाचा. तसं नाही. आवाजाच्या बाबतीत लूप खरोखर जिंकतो. कार्डावरच्या इवल्याशा जागेतून काढायची उष्णता तो पाच-सहा मोठ्या पंख्यांच्या रेडिएटरवर पसरवतो, मग ते पंखे सावकाश फिरले तरी भागतं. शिवाय पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे पंख्यांची ती सारखी वर-खाली होणारी ओरड थांबते. अट एकच : पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न ठेवता पाण्याच्या तापमानावर ठेवायचा. त्यासाठी फिटिंगसारखा बसणारा सेन्सर मिळतो. तो स्वस्त आहे, तुमच्या यादीत नाही, घाला. मात्र खोली ४० वर गेली की पंखे कितीही असोत, त्यांना पळावंच लागेल.

आणि दुसरं कारण, जे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण 'हार्ड ट्यूब' आणि 'लाल' या शब्दांत दिसतं. तुम्हाला हे हातांनी बांधायचं आहे. काचेतून दिसणारी वळणं स्वतः वाकवायची आहेत. हे कारण पुरेसं आहे. छंदाला तापमानाचा दाखला जोडायची गरज नाही, फक्त स्वतःशी कबूल करा, म्हणजे ६२ हजार खर्चून फ्रेम का वाढल्या नाहीत असा प्रश्न नंतर पडणार नाही.

तर, करायचं असेल तर कसं.

लाल अपारदर्शक कूलंटवर आधी फुली मारा. माझा पहिला लूप गुलाबी होता, दुधासारखा दाट गुलाबी. चार महिने लोक कौतुक करायचे. आठव्या महिन्यात कार्डाचं तापमान रोज थोडं थोडं चढायला लागलं. ब्लॉक उघडला. आतमध्ये तांब्याच्या पापुद्र्यांची जाळी असते, दोन पापुद्र्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. त्या फटींत गुलाबी चिखल बसला होता, पिठल्याच्या भांड्याच्या तळाशी बसतो तसा. रात्री ओट्यावर मऊ ब्रश घेऊन बसलो, पहाटे तीन वाजता जाळी दिसली. अपारदर्शक कूलंटमध्ये रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, आणि आज ना उद्या ते खाली बसतातच. पहिल्या लूपला स्वच्छ पारदर्शक कूलंट घ्या, ज्यात गंज रोखणारं आणि शेवाळ रोखणारं द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. लाल रंग दिव्यांनी आणा.

साधं पाणी वापरायचा मोह झाला तर नळाचं, बोअरचं, आरओचंही नको. आरओच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात. खिडकीतल्या कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी पांढरा थर धरतो ना, तोच थर त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत धरेल. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळणाऱ्या पाण्याचाही भरवसा नाही, दर कॅनचा दर्जा वेगळा. प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून सीलबंद डिस्टिल्ड पाणी आणा, आणि तेही मुख्यतः धुण्यासाठी. नवा रेडिएटर आतून स्वच्छ नसतो, डाख देतानाचा कचरा त्यात राहिलेला असतो. अर्धा भरा, दोन मिनिटं हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. भांड्यात काळे कण दिसायचे थांबेपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे, पण हेच टाळणाऱ्यांचे ब्लॉक सहा महिन्यांत तुंबतात.

अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर मात्र कितीही स्वस्त मिळो, परत पाठवा. तुमच्या यादीतले दोन्ही ब्लॉक निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचे आहेत. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आलं की ती एक बॅटरीच होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कूलंटमधलं द्रव्य हे लांबवतं, थांबवत नाही. निकेलचा मुलामा म्हणजे तांब्याच्या भांड्यावरची कल्हईच, कुठेतरी ओरखडा पडला की खालचं तांबं उघडं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, फिटिंग पितळेची, हा नियम मोडू नका. फिटिंगवरून आठवलं : यांचे आटे पाव इंची जी मापाचे असतात आणि ते घट्ट बसतात रबराच्या रिंगवर. नळाला लावतो ती पांढरी टेप इथे लावायची नाही आणि पाना घेऊन जोर करायचा नाही. हाताने घट्ट, वर किंचित. बाबा मदतीला आले तर हे त्यांना आधीच सांगा.

रेडिएटर किती मोठा हवा, याचा अंदाज असा : १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमागे साधारण १०० वॅट धरले, तर मध्यम वेगात पाणी हवेपेक्षा दहाएक अंश गरम राहतं. तुमचे दोघे मिळून ४०० वॅट, म्हणजे चार पंखे किमान. पण शांतता हवी असेल तर एक ३६० चा आणि एक २४० चा, मिळून पाच. कॅबिनेटमध्ये जाडीसकट बसतात का, हे पुठ्ठ्याचा तुकडा कापून मोजा. रेडिएटर अधिक पंखा मिळून साडेपाच सेंटिमीटर होतात आणि वरच्या बाजूला नेमकी रॅम आडवी येते.

तुमच्या मित्राचा सल्ला ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, पण हिशोब करून बघू. पंप तासाला १८० लिटर फिरवतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ५० मिलिलिटर. एवढं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे २१० वॅट लागतात. तुमची पूर्ण ४०० वॅटची उष्णता एका फेरीत पडली तरी पाणी तापतं दोनच अंश. म्हणजे लूपमधलं सर्वात थंड आणि सर्वात गरम पाणी यांत दोन अंशांचा फरक. कार्डाआधी रेडिएटर असला काय, नंतर असला काय. नळी ज्या वाटेने सरळ आणि आखूड जाईल ती वाट घ्या. क्रम पाळायचा तो एकाच ठिकाणी : टाकी पंपाच्या आधी आणि पंपापेक्षा वर. डी५ सारख्या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरवला तर मिनिटांत खराब होतो.

हार्ड ट्यूबबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या लूपला मऊ नळी घ्या, काळ्या ईपीडीएम रबराची, १०/१६ मिलिमीटर. पारदर्शक मऊ नळीतून कालांतराने प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाझरतं आणि ब्लॉकमध्ये साचतं, या काळ्या रबरात ती भानगड नाही. हार्ड ट्यूबमधली पीईटीजी प्लास्टिकची नळी वाकवायला सोपी, पण ६० अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते आणि फिटिंगमधून सरकू शकते. पुण्यात कदाचित चालून जाईल. स्लॅबखालच्या नागपुरी खोलीत, पाणी आधीच ५० च्या घरात असताना, एक पंखा बंद पडला तर अंतर किती राहिलं ते पाहा. हार्ड ट्यूबच हवी असेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या. वाकवायला कठीण आहे, पाच-सात तुकडे वाया जातील असं धरूनच मागवा. मऊ नळीचा मोठा गुण असा की चूक झाली की कात्रीने कापून पुन्हा लावता येते, आणि पहिल्या लूपमध्ये चूक होतेच.

आणखी एक वस्तू जी दिसायला काहीच नाही : लूपच्या सर्वात खालच्या टोकाला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह, पाणी काढण्यासाठी. वर्षातून एकदा कूलंट बदलायचं आहे. हा व्हॉल्व्ह नसेल तर अख्खं कॅबिनेट उचलून बाथरूममध्ये उलटं करावं लागतं. मी केलंय. १८ किलो.

आता बाबा. त्यांच्या शंकेत तथ्य आहे आणि तिला 'डिस्टिल्ड पाणी वीज वाहून नेत नाही' हे उत्तर देऊ नका. नवंकोरं शुद्ध पाणी जवळजवळ वाहून नेत नाही हे खरं, पण धातूंमधून महिनाभर फिरलेलं पाणी नेतं, आणि बोर्डावरच्या धुळीत मिसळलेलं तर नक्कीच. त्यांना उत्तर द्यायचं ते चाचणीने. लूप भरताना फक्त पंपाला वीज द्यायची. मदरबोर्ड, कार्ड, सगळ्यांच्या वायर काढलेल्या. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा एक छोटा जंपर प्लग मिळतो, तो लावला की सप्लाय एकटा चालू होतो. तो नसेल तर हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी जोडतात, पण आजकालच्या सप्लायमध्ये सगळ्याच वायर काळ्या असतात, तेव्हा प्लगच घ्या. प्रत्येक फिटिंगखाली कोरडा टिश्यू पेपर, आणि पंप चोवीस तास. मधूनमधून कॅबिनेट चारी बाजूंना कलतं करा, अडकलेले बुडबुडे टाकीकडे येतील. पाणी भरण्याआधी हवेच्या छोट्या हातपंपाने अर्धा बार दाब देऊन काटा पंधरा मिनिटं हलतो का हे पाहता आलं तर आणखी चांगलं. काटा हलला नाही हे बाबांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या. आयुष्यभर मीटरवर विश्वास ठेवलेला माणूस काट्याचं ऐकेल.

त्यांना आणखी एक पटेल अशी गोष्ट : पंपाची वेग सांगणारी वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या पिनांवर लावा. पंप थांबला की पीसी सुरूच होत नाही किंवा बोंब मारतो. लाईट गेली तर पंप आणि पीसी दोघेही एकत्रच बंद होतात, त्यात धोका नाही. कुठे ओल दिसलीच तर आधी भिंतीचं बटण बंद, मग टिपून घ्यायचं, मग दोन-तीन दिवस पंख्यासमोर तसंच ठेवायचं. त्याच संध्याकाळी 'बघू चालतो का' करणाऱ्यांचेच बोर्ड जास्त जळतात.

वॉरंटीचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्यावरच मी निर्णय ठेवेन. तुमच्या बाबतीत फायदा कार्डाला पाणी दिल्यावरच आहे, आणि त्यासाठी कार्ड उघडावं लागणार. त्याने वॉरंटी जाते की राहते, हे तुमच्या कार्ड-कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवर नको. शिवाय ब्लॉक '४०८० सुपर'साठी आहे एवढं पुरत नाही, तुमच्या कंपनीच्या नेमक्या मॉडेलच्या बोर्डासाठी हवा. बोर्डावरचा एखादा कंडेन्सर वेगळ्या जागी असला तरी ब्लॉक बसत नाही. मूळ हीटसिंक, स्क्रू, पॅड सगळं एका डब्यात, चिठ्ठी लावून ठेवा.

माझा सल्ला असा. या उन्हाळ्यात काही विकत घेऊ नका. जाळ्या धुवा, पॉवर लिमिट लावा, आकडे लिहा, आणि खिडकीतल्या कूलरचा झोत पीसीवर थेट येणार नाही असं टेबल सरकवा; त्या झोतात क्षारांचे तुषार असू शकतात. एवढ्याने मिक्सर थांबला तर ६२ हजार तुमच्या खात्यात. नाही थांबला, किंवा थांबूनही हात शिवशिवतच राहिले, तर दिवाळीनंतर बांधायला घ्या. तोवर कंपनीचं उत्तर आलेलं असेल, आणि हिवाळ्यात एखादा आठवडा पीसी उघडा पडला तरी चालतो. त्यानंतरच्या मे महिन्यात त्याची खरी परीक्षा होईल; तेव्हाचे तिन्ही आकडे मला कळवा, आणि खालून आईने काय विचारलं तेही.